दर्याकडे पाठ

कृष्णाबाईनं लुगड्याचा काष्टा खसकन वर खोचला, पडक्या दरवाज्याच्या उंबऱ्यावर बसकण मारली आणि जाहीर केलं,

"बास गो बाय. इथूनच हात जोडते तुझ्या गनपतीला. देवाला लांबचं दिसतं."

भामा चार पावलं पुढं जाऊन थांबली. तिच्या हातात कापडी पिशवी होती, कपाळावर घाम होता. पण परत फिरायचा विचार चेहऱ्यावर कुठं दिसत नव्हता.

"नवस माझा हाय. तुला नुसतं संगती चालायचं हाय, तेबी होईना?"

"गुडघा बरा झाला तर चढून येईन म्हनालीस ना गनपतीला? मंग मी धापा टाकतंय आन तू शेळीवानी चढतंस. गुडघा कोनाचा दुखत होता नक्की? आन नवस एक, नारळ दोन कशाला आनलंस?"

"असूं दे. वजन मी उचलतंय ना?"

एवढंच बोलून भामा गप्प झाली. पनवेलच्या मच्छीबाजारात दोघींच्या पाट्या कितीतरी वर्षं शेजारी शेजारी लागत होत्या, आणि भामा एका वाक्यावर भागवते हे तिथं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. कृष्णाबाईला ते जरा खटकलं. पण दम इतका लागला होता, की खटकलेलं तसंच राहून गेलं.

द्रोणागिरीचा किल्ला म्हणजे तिच्या घराच्या उशालाच. लग्न होऊन ती करंज्याला आली तेव्हापासून पावसाळ्यात डोंगरावरून सुटलेलं पाणी तिच्या परसातून वाट काढत आलं होतं. पण वर म्हणून ती कधी आली नव्हती. मुंबई-पुण्याची माणसं पाठीला पिशव्या अडकवून किल्ला बघायला येत आणि तिला वाट विचारत. ती हात वर करून ठणकावून सांगायची, "असं सरळ जावा, मंग डावीकडं वळा." स्वतः वाट पाहिली नव्हती म्हणून सांगण्यात ती कधी कमी पडली नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार.

आजही ती आलीच नसती. पण सोमवार होता, सोमवारी निम्मं पनवेल मासळीला शिवत नाही. त्यात दिवाळीची सुटी, लोकांचे डबे अजून फराळानं भरलेले. बाजाराला जाण्यात अर्थ नव्हता आणि घरात बसवत नव्हतं, कारण संध्याकाळी रेवसचा माणूस होडी बघायला येणार होता.

होडीचं घोंगडं दोन महिने भिजत पडलं होतं. तिचा मुलगा शैलेश द्रोणागिरी नोडमधल्या, म्हणजे खालच्या नव्या वसाहतीतल्या एका गोदामात सुपरवायझर होता. त्याचं म्हणणं साधं होतं. बाप सत्तरीला टेकला, भराव पडून पडून खाडीतला मासा पळाला, आता होडी विकावी आणि बापानं घरी बसावं. गिऱ्हाईकही त्यानंच शोधलं होतं. कमळाकर, म्हणजे कृष्णाबाईचा नवरा, यावर हो म्हणत नव्हता आणि नाही म्हणत नव्हता. "तुझ्या आयेला विचार," एवढंच त्याचं उत्तर. कारण त्या घरची रीतच तशी होती. होडी दारात येताना आणि दारातून जाताना तिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा तो घरच्या बाईनं. तिनं नारळ हातात घेतला नाही तर होडी जागची हलायची नाही.

आणि कृष्णाबाई नारळाला हात लावायला तयार नव्हती.

"नाखवा आजूनशी पाटी भरून आनतात," ती शैलेशला म्हणायची. "मासा पळाला तर पाटीत काय तुझ्या गोदामातून येतो काय रं?"

नाखवा म्हणजे होडीचा धनी. ज्याच्या दारात होडी तो नाखवा. ज्याच्या दारात नाही तो दुसऱ्याच्या होडीवरचा गडी. बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की कृष्णाबाई मान ताठ करून सांगायची, "घरची मासळी हाय, नाखव्यानं आनलेली." त्या एका वाक्यावर ती इतकी वर्षं ताठ बसली होती. होडी गेली तर ते वाक्यही जाणार होतं, आणि ते तिला कोण परत आणून देणार होतं?

"चल गो," भामा म्हणाली. "आता थोडंच राह्यलंय."

कृष्णाबाई कण्हत उठली.

आत फारसं काही नव्हतंच. कंबरभर गवत, ढासळलेल्या भिंती, शेवाळलेल्या पाण्याचं एक टाकं, आणि एका कोनाड्यात शेंदूर फासलेला गणपती. भामानं एक नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा मैत्रिणीच्या हातावर ठेवला आणि देवाशी एक शब्दही न बोलता ती तरातरा पश्चिमेच्या बुरुजाकडं निघाली. दुसरा नारळ पिशवीतच राहिला.

बुरुजावर एक जोडपं आधीच आलेलं होतं. पोरगा सदरा कमरेला बांधून फोटो काढत होता, पोरीच्या गळ्यात दुर्बीण होती. दोघींना बघून पोरीनं पटकन आपली सॅक बाजूला घेतली आणि दगडावर जागा करून दिली.

"बसा ना मावशी. केवढं चढून आलात तुम्ही! आम्ही खारघरचे. मी आभा, हा अविनाश."

"बस बाय, तूबी बस," कृष्णाबाई म्हणाली आणि बसली. पण बसली ती समुद्राकडं सरळ पाठ करून, पडक्या भिंतीकडं तोंड करून.

अविनाशला वाटलं, मावशींना उंचीची भीती वाटत असेल. तसं नव्हतं. ही वेणूची शिकवण होती. वेणू म्हणजे तिची सासू. लग्नानंतर पहिल्यांदा कमळाकरनं होडी पाण्यात लोटली तेव्हा नवी नवरी किनाऱ्यावर उभी राहून बघत होती. वेणूनं तिचे खांदे धरून तिला गर्रकन उलटी फिरवली होती. बाईमाणसाची नजर म्हणजे दोर, ती म्हणाली होती. तू बघत राहिलीस तर दोर ताणला जातो आणि होडी मागं ओढली जाते. होडी लोटली की दर्याकडं पाठ करायची. परत येऊन वाळूला लागल्याचा आवाज झाला की मग वळायचं आणि विचारायचं, काय गावलं. त्याआधी नाही.

कृष्णाबाईनं ते इतकं पाळलं होतं, की होडी बाहेर असताना ती पाण्याच्या कडेनं चालायची तेव्हाही नजर गावाकडं ठेवायची. पोरं हसायची. पण कमळाकर रोज परत आला होता, आणि ज्या रीतीनं नवरा परत येतो त्या रीतीला कोण बाई नावं ठेवील?

"आता कशी बसलीस बघ," भामा म्हणाली. "एवढा डोंगर चढून भिंत बघायला आलीस होय?"

"होडी भायेर हाय."

"मना ठाव हाय होडी भायेर हाय."

"मंग?"

भामा तिच्या शेजारी येऊन बसली. तिचा आवाज बाजारातला नव्हता, चुलीपुढचा होता.

"किस्ना, संध्याकाळी तो रेवसवाला येनार. तू नाय म्हननार. बरं, म्हन. पन जे ठेवायचं म्हनतंस, ते एकदा डोळ्यानं तरी बघ. रीत खालची हाय, किनाऱ्यावरची. तुझी सासू इथवर कदी आली होती?"

"नाय."

"मंग इथली रीत तिनं सांगितलेली नाय."

हा युक्तिवाद काही वकिली नव्हता, पण कृष्णाबाईला त्यावर तोड सापडेना. मग तिनं मनातल्या मनात वेणूची माफी मागितली, एक हात दगडावर टेकला आणि ती वळली.

पहिल्यांदा तिला काही कळलंच नाही. समुद्र खाली असणार अशा हिशेबानं तिनं नजर खाली टाकली होती. पण समुद्र खाली नव्हता. तो वर आला होता, पार तिच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत. आयुष्यभर तिनं दर्या पायाशी पाहिला होता, आडवा, घोट्याला लागणारा. हा दर्या उभा होता. घराच्या भिंतीसारखा तिच्यासमोर उभा राहिला होता आणि त्याला शेवट नव्हता.

"आय गो," ती म्हणाली.

कडेला खाडीचा गढूळ पट्टा, त्यापुढं हिरवट पाणी, त्याही पुढं निळं, आणि मग नुसता उजेड. त्या उजेडात बंदराला जाणारी मोठी जहाजं थांबून राहिली होती. खालून पाहिलं की ज्यांच्यापुढं मान मोडायची, ती इथून पाटीत मांडलेल्या बोंबलांएवढी दिसत होती. एका ढगाची सावली पाण्यावरून सरकत चालली होती. ती सावली अख्ख्या करंजा गावाहून मोठी होती, आणि तरी दर्याला तिचं काही ओझं नव्हतं. दक्षिणेला खाडीपल्याड रेवसची झाडी. उत्तरेला उरणची घरं, बंदरातल्या क्रेनी, घारापुरीचं टेकाड आणि त्यामागं धुरकट मुंबई. तिनं मान वळवून पूर्वेकडं पाहिलं. खाजण, खाडी, उलव्याकडच्या नव्या बांधकामांचे सांगाडे, आणि लांब डोंगरांत कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका. त्याच्या अलीकडं कुठंतरी पनवेल. ज्या बाजारापर्यंत पाटी घेऊन जाताना तिचा रोज जीव जायचा, ते सगळं अंतर एका तळहाताखाली झाकलं जात होतं. आणि दर्या? त्याला झाकायला हात कुठून आणायचा?

ती घाबरली होती, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की रडावंसं वाटत होतं. हे एवढं मोठं आपल्या पाठीशी होतं, रोज, आणि आपण पाठ करून उभ्या होतो.

"इथं जातात?" ती म्हणाली. "ह्याच्यात?"

तिनं कुणाला विचारलं नव्हतं. ह्याच्यात तो माणूस रोज जात होता. भाकरीचा डबा घेऊन, विडी कानाला लावून, परसात जाऊन येतो तसं. आणि संध्याकाळी ती त्याला विचारायची, एवढंच गावलं?

मग तिची नजर होडी शोधायला लागली. आता सुरुवात केलीच होती, तर अर्धवट कशाला. होडी ओळखायची खूण तिच्याच हातची होती. शैलेशच्या लग्नातलं तिचं पोपटी लुगडं जुनं झालं तेव्हा तिनं त्याला दुहेरी शिवण घालून होडीवर उन्हासाठी आडोसा करून दिला होता. पण खाली पाण्यावर इतके ठिपके होते की पोपटी कुठला आणि निळा कुठला ते शोधताना डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"काही शोधताय का मावशी?" आभानं विचारलं.

"आमची होडी. वर पोपटी कापड हाय."

आभानं गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या डोळ्यांना लावली. आधी तिला स्वतःच्या पापण्या दिसल्या, मग नुसतंच धुकं. आभानं मधलं चाक फिरवलं आणि समुद्र एकदम अंगावर आला. कृष्णाबाई दचकून मागं सरली, तशी सगळीच हसली. भामा सोडून.

"हळूहळू फिरवा मावशी. घाई नाही."

तिनं हळूहळू फिरवली. एका जहाजावर दोरीला वाळत घातलेले कपडे दिसले. "आय गो, त्यांचीबी धुनी असतात," ती म्हणाली. एक बगळा दिसला, पाण्याला जवळजवळ पोट लावून चाललेला. मग खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून थांबलेला एक निळा ट्रॉलर दिसला, पांढऱ्या पट्ट्याचा. तो ती ओळखत होती. तो भामाच्या महादेवचा, म्हणजे भामाच्या थोरल्या मुलाचा. आणि त्याच्या मागं, गाईमागं वासरू बांधावं तशी बांधलेली, पोपटी कापडाची होडी.

होडी रिकामी होती.

दोर ताणला, तिला वाटलं. मी बघितलं आणि दोर ताणला. तिनं कोपर दगडावर टेकलं, श्वास धरला आणि होडीपासून दोरीवर, दोरीपासून ट्रॉलरवर अशी नजर इंच इंच सरकवत नेली.

ट्रॉलरवर जाळ्याचा हा मोठा ढीग पडला होता. दोन पोरं सावलीला आडवी झाली होती. आणि ढिगाशी एक माणूस बसला होता. एक पाय दुमडलेला, एक पाय पुढं लांब केलेला, त्या पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवलेलं, आणि उजवा हात येतोय जातोय, येतोय जातोय. तोंड दिसत नव्हतं. तोंडाची गरज नव्हती. असा पाय लांब करून, मान डावीकडं टाकून तो तिच्या अंगणात आयुष्यभर जाळी शिवत आला होता. स्वतःची जाळी.

ती बघत राहिली. एक पोरगा उठला, ट्रॉलरच्या पोटात उतरला, मासळी घेऊन वर आला आणि तिच्यावरचा बर्फ त्यानं हातानं झटकून पाण्यात लोटला. पाटी भरली. पाटीच्या काठाला निळी सुतळी गुंडाळलेली होती. ती कृष्णाबाईनंच गुंडाळली होती, बोटाला रुतू नये म्हणून. पोरानं पाटी पोपटी कापडाखाली उतरवून ठेवली. कमळाकरनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्याचा हात येत होता, जात होता.

होडीतून उतरवलेल्या ताज्या मासळीचं अंग कोमट असतं. कमळाकरच्या होडीत बर्फाची पेटी कधीच नव्हती. आणि गेली दोन वर्षं वाळूवर पाटी हातात घेतली की मासळीचं पोट गारढोण लागायचं. पूर्वी पाटीत खाडीची बोय असायची, कोळंबी असायची, नशीब असलं तर एखादा जिताडा. आता लांबच्या पाण्यातला राणीमासा असायचा. पनवेलच्या बाजारात कल्ले न उघडता, नुसत्या वासावर मासळीचं वय सांगणारी बाई म्हणून कृष्णाबाईचं नाव होतं. दुसऱ्याची शिळी मासळी ती दहा हातांवरून ओळखायची. मग ही तिला कळली नव्हती?

कळली होती. तिला कळली होती, आणि तिनं तिच्याकडंही पाठ केली होती.

आणि तो? तिला ते एक वाक्य बाजारात बोलता यावं म्हणून नाखवा पाटीभर मासळीच्या बदल्यात दुसऱ्याच्या जाळ्याला टाके घालत बसला होता. धक्क्यावर चारचौघांत नाही, तर भर पाण्यात, जिथं त्याची बायको कधीच बघणार नाही याची त्याला खात्री होती.

"दिसली का मावशी?" आभानं विचारलं.

"दिसली." कृष्णाबाईनं दुर्बीण तिच्या हातात दिली आणि पदरानं डोळ्यांभोवतीचा घाम पुसला. "लई मोठा हाय गो दर्या."

"रोज बघता ना तुम्ही?"

"आजच बघितला."

आभाला वाटलं, मावशी गंमत करतायत. ती हसली. तिनं डब्यातल्या दोन करंज्या काढून दोघींच्या हातांवर ठेवल्या. कृष्णाबाईनं करंजी खाल्ली, सारणात खसखस छान भाजलीय असं सांगितलं, आणि पनवेलला आलीस तर माझ्याकडं ये, दुसरीकडं फसवतील, असंही बजावलं. सवय सुटत नाही. अविनाशनं दोघींचा फोटो काढला. त्यात भामा जमिनीकडं बघत होती.

दोघी उतरायला लागल्या. गवताच्या कुसळांनी भरलेली लुगडी सावरत त्या पडक्या दरवाज्याशी आल्या, तेव्हा कृष्णाबाई थांबली.

"भामा, तुझा गुडघा कवापासून दुखत होता गो?"

भामानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नाय दुखत," ती म्हणाली.

"मना वाटलंच."

"कसं सांगनार? नाखव्याची गोस्ट हाय. कमळाकरभावजींनी महादेवकडून शपथ घेतली व्हती. महादेवनं माझ्याकडून. बोलायचं नाय." भामाचा आवाज चिरकला. "बघायचं नाय अशी शपथ कोनी घेतली नव्हती."

कृष्णाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. मग तिनं भामाच्या पिशवीत हात घालून उरलेला नारळ काढून घेतला.

"ह्यो माझा ना?"

"तुझाच."

ऊन कलल्यावर होड्या परतायला लागल्या. किनाऱ्यावर शैलेश आणि रेवसचा गुरुदत्त वाळूत बोलत उभे होते. गुरुदत्त भला माणूस वाटत होता. होडी यायच्या आधीच किमतीचं बोलू नये एवढी त्याला समज होती. शैलेशनं आईला येताना पाहिलं आणि भांडणाच्या तयारीनं कंबरेवर हात ठेवले. पण ती त्याच्याकडं आलीच नाही. ती सरळ पाण्याच्या कडेला गेली, दर्याकडं तोंड करून उभी राहिली आणि हातातला नारळ तिनं छातीशी धरला.

किनाऱ्यावरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं हाकही मारली, "आवो कृष्णाबाई, नाखवा आजून आलं नाय!" ती हलली नाही. पोपटी कापड दिसलं तेव्हा ते नखाएवढं होतं. ते मोठं होत गेलं. लाटेवर चढताना दिसायचं, उतरताना नाहीसं व्हायचं. हे रोज होत असणार. आपण बघत नव्हतो म्हणून होत नव्हतं असं थोडंच.

कमळाकरला ती लांबूनच दिसली असावी. कारण एरवी वाळूपर्यंत धडधडत येणारं इंजिन त्यानं बरंच आधी बंद केलं. होडी आपल्या वेगानं, मग लाटेच्या वेगानं, मग जवळजवळ वेगाशिवाय आत आली. तो होडीतच उभा राहिला. तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

होडी वाळूला लागल्याचा आवाज झाला. त्या आवाजावर इतकी वर्षं ती वळली होती आणि तिनं विचारलं होतं, काय गावलं. आज वळायचं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नाही.

"राणीमासा हाय थोडा," तोच म्हणाला.

तिनं पाटीला हात लावला. मासळी गार होती. तिनं पाटी उतरवून वाळूवर ठेवली.

"वर गेले होते," ती म्हणाली. "भामाचा नवस होता."

"वर? किल्ल्यावर?"

"हां."

कमळाकरनं मान वर करून किल्ल्याकडं पाहिलं. बुरुज उतरत्या उन्हात लख्ख दिसत होता. मग त्यानं वळून खाडीच्या तोंडाकडं पाहिलं, जिथं निळा ट्रॉलर अजून उभा होता. पुन्हा बुरुजाकडं पाहिलं. मग तो खाली बघत होडीतून उतरला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्यानं कापलेली लाल रेघ पाण्यात पाय टाकतानाच तिला दिसली होती.

"दर्या बघितला," कृष्णाबाई म्हणाली. "केवढा मोठा हाय वो. इतकी वर्सं जाता, घरी येऊन कदी बोलला नाय."

"कसं बोलू?" कमळाकर म्हणाला. "तू पाठ करून हुबी असायचीस."

तो तक्रार करत नव्हता. तिलाही ते लागलं नाही. लागायचं ते वर बुरुजावर लागून गेलं होतं. ती पाण्यात उतरली, होडीच्या नाळेवर तिनं तळहात फिरवला, नारळ एकदा कपाळाला लावला आणि फोडला. पाणी नाळेवरून ओघळून दर्यात गेलं. मागं शैलेशनं कंबरेवरचे हात खाली घेतले. गुरुदत्तनं पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

कमळाकर तिच्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं आणि खूप लाजही होती.

"आता उद्यापासून..." तो म्हणाला आणि थांबला.

"महादेवला सांगा, जाळी आपल्या अंगनात आनून टाक," कृष्णाबाई पाटी उचलत म्हणाली. "तिथं दर्यावर उन्हात बसून डोळं फोडून घ्यायला नको. एक टोक मी धरीन."

त्यानं पाटीचा दुसरा काठ धरला, निळ्या सुतळीचा.

"चला, नाखवा," ती म्हणाली.

किमतीचं बोलणं शैलेशवर सोपवून, होडी गुरुदत्तच्या हवाली करून दोघं गावाकडं निघाली. कमळाकर दर्याकडं पाठ करून सरळ चालत होता. कृष्णाबाई मात्र दर थोड्या पावलांनी थांबत होती, आणि मागं वळून बघत होती.